भाऊ म्हणून रडायचं नव्हतं

फोन सुधीरचा होता, रघूभावजींच्या भाच्याचा. "काकू, रघूमामा गेले. सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसले, आणि... संपलं." मी म्हटलं, येते. गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलाय, लेक नको म्हणत होती, तरी ठाण्याहून रात्रीची एसटी पकडली आणि सकाळी गुहागरच्या अलीकडच्या, भावजींच्या दुकानाच्या तिठ्यावर उतरले. उतरल्या उतरल्या समोर फ्लेक्स! भावजींचा हसरा फोटो, दोन्ही बाजूंना समया, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘आजन्म ब्रह्मचारी, निर्व्यसनी, समाजसेवक’. मी तिथंच पिशवी खाली ठेवली. आजन्म ब्रह्मचारी? डोंबल तुमचं! निर्व्यसनी म्हणाल तर दिवसाला बारा कप चहा प्यायचा हा माणूस. ते एक वेळ सोडून देऊ. पण बावीस-पंचवीस वर्षं ज्यानं एका माणसाबरोबर संसार केला, त्या माणसासाठी परदेशातली नोकरी गमावली, त्याला मेल्यावर ब्रह्मचारी करून टाकायचं? आता तो उठून भांडणार नाही ना, म्हणून. मी आहे अजून. म्हणून हे लिहितेय, आणि ज्यांना वाचवत नसेल त्यांनी पान उलटावं.

आम्ही बहारीनला गेलो ते सत्तरच्या दशकात. हे बँकेत होते, आणि मला अस्करच्या बाजूला एका कंपनीत पर्सोनेल ऑफिसात टायपिस्टची नोकरी लागली. जवळच्या मोठ्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्याच्या जळालेल्या मोटरी आमच्या वर्कशॉपात यायच्या, आणि त्यांची तांब्याची तार नव्यानं भरायची, म्हणजे वाइंडिंग करायचं, हे रघूभावजींचं काम. आम्ही मुहर्रकला राहायचो. तेही तिथंच, दोन गल्ल्या सोडून. सकाळी कंपनीची बस दोघांना एकाच कोपऱ्यावरून उचलायची. ह्यांच्याशी त्यांची ओळख मंडळाच्या गणपतीत झाली, म्हणून मी ‘वहिनी’ आणि ते ‘भावजी’. काळेसावळे, उंच, कोपरापर्यंत वॉर्निशचा वास, आणि बोलणं पक्कं रत्नागिरीकडचं. पहिल्याच दिवशी बसमध्ये मला म्हणाले, "वहिनी, तुमच्या ब्लाउजचं काय आसंल तर आमच्या विश्रामकडं द्या. आख्ख्या बहारीनात आसा हात नाय." मला वाटलं, आमच्या म्हणजे गावच्या.

विश्राम शिंपी. त्याचं दुकान खाली आणि त्याची नि भावजींची खोली वर, एका जुन्या घरात. विमानं इतकी डोक्यावरून जायची की बोलताना मध्येच थांबावं लागायचं. आता गल्फमध्ये दोन पुरुष एका खोलीत राहतात ह्यात कुणाला काय वाटणार? एकेका खोलीत सहा-सहा जण असायचे. उलट दोघांतच खोली म्हणजे चैन, एवढंच लोक म्हणायचे. पण मी ब्लाउजच्या निमित्तानं जायची ना, माझ्या डोळ्यांना दिसायचं. विश्राम काटा काढलेलं पापलेट भावजींच्या ताटात टाकायचा, बोलता बोलता, न बघता. आणि भांडायचे तर असे, की दूध जास्त का घातलंस, माझा टॉवेल ओला का ठेवलास, तुझी आई मला पत्रात कधी विचारते का... मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, "अहो, ते दोघं अगदी आपल्यासारखे भांडतात हो." ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता म्हटलं, "कळलंय मला. तू गप्प बस." मग मी गप्प बसले. म्हणजे मला जेवढं बसता येतं तेवढं.

लोक त्यांना राम-लक्ष्मणाची जोडी म्हणायचे. भावजींनी सुरुवातीला एकदा घरमालकाला सांगितलं होतं, हा माझा भाऊ. तेवढं सोपं पडतं म्हणून. ते मुहर्रकात पसरलं, तिथून लीव्हवर जाणाऱ्यांबरोबर गावात पोचलं, आणि गावाकडून भावजींच्या आत्याचं पत्र आलं, की एवीतेवी भाऊच मानता एकमेकांना, तर दोन सख्ख्या बहिणी पाहिल्यात, दोघांचे बार एकाच मांडवात उडवून टाकू. मी हसून हसून पडले ते वाचून. विश्रामही हसला. भावजी हसले नाहीत. म्हणाले, "एक शब्द सोयीचा म्हून वापरला, तर त्यानं घरात पाय पसरले बघा."

आता आमच्या ऑफिसची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. वर्षाची ठरलेली लीव्ह सोडून मध्येच घरी जायचं असेल तर ‘इमर्जन्सी लीव्ह’. ती फक्त जवळच्या नातेवाइकासाठी, म्हणजे आई, बाप, बायको, मुलं, सख्खं भावंड. आणि पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, त्यामुळे लीव्ह मंजूर झाल्याशिवाय कुणी बेटावरून हलू शकत नाही. मग माणसं काय करणार? बहिणीचं लग्न आहे, मार बापाला. शेताची मोजणी आहे, भाऊ कर सीरियस. माझ्या टाइपरायटरनं किती म्हातारी माणसं मारली त्याची गणती नाही. एकाचे वडील तर तीनदा वारले. साहेबालाही ठाऊक, मलाही ठाऊक. आमचे पर्सोनेल ऑफिसर सबनीससाहेब, पुण्याचे, नाकानं कांदे सोलणारे. त्यांनीसुद्धा एकदा सासूबाई गेल्या म्हणून लीव्ह घेतली होती. सासू नियमात बसत नाही, पण साहेबाला कोण विचारणार! पुढच्या हिवाळ्यात त्याच सासूबाई ठणठणीत बहारीनला आल्या, मंडळाच्या हळदीकुंकवाला बसल्या, आणि माझ्या हातच्या खव्याच्या पोळ्या दोन-दोन मागून खाल्ल्या.

अशा ऑफिसात एका सकाळी भावजींच्या नावानं तार आली. विश्राम लीव्हवर गावी गेला होता, त्याच्या बहिणीनं पाठवली होती. विश्राम सीरियस, लगेच निघा. पोटातला अल्सर फुटला होता हे नंतर कळलं. वर्कशॉपातून भावजी हात न पुसता तसेच आले. चेहरा पांढराफटक. मी फॉर्म मशीनला लावला, नाव, नंबर भरला, आणि ‘नातं’ ह्या रकान्याशी आल्यावर हळूच म्हटलं, "भाऊ घालते हं."

"नको."

"अहो नको काय? भाऊ घातलं की आज रात्रीचं विमान मिळेल."

"भाऊ नाय तो माजा." आवाज मुळीच हळू नव्हता. "वहिनी, तो माजा माणूस हाय. लग्नाच्या बायकोचं जे लिवता, ते लिवा."

टाइपरायटर थांबले. ऑफिसात आम्ही पाच-सहा जण, त्यातले तिघे मराठी समजणारे. मला तर ब्रह्मांड आठवलं. मी त्यांना बाहेर ओढलं आणि चांगलं झापलं. म्हटलं, तुम्हाला वेड लागलंय का? तिथं तो मरणाच्या दारात, आणि तुम्ही इथं हरिश्चंद्र होऊन बसताय? आधी जा, खरं-खोटं मागाहून बघू! ते भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "वहिनी, एकदा भाऊ लिवलं की तो भाऊच व्हतो. उद्या तो गेला... तर मी भाऊ म्हून रडायचं? भावाला रडतात तितकंच, बेताचं? तिसऱ्या दिवशी कामाला हजर? मला नाय जमायचं. मी गेलो तर त्याचा माणूस म्हून जाईन." मी आत गेले आणि तो रकाना कोरा ठेवून फॉर्म साहेबांच्या टेबलावर ठेवला.

सबनीससाहेबांनी त्यांना आत बोलावलं. प्लायवुडची भिंत, सगळं ऐकू येत होतं. आधी गोडीगुलाबी. "अरे रघुनाथ, मला काय कळत नाही का? तू भाऊ लिही, मी डोळे झाकून सही करतो." भावजी म्हणाले, "डोळे उघडे ठेवून करा की." मग आवाज चढला. हे असलं घाणेरडं तोंडानं बोलायला लाज वाटत नाही? इथं फॅमिलीवाले लोक आहेत. फोरमन कदम आत्ताच येऊन सांगून गेले, ह्याच्या मेसच्या टेबलाला आम्ही बसणार नाही म्हणून. लीव्ह राहिली बाजूला, नोकरी जाईल! कायद्यात असलं नातं नाही!

"कामात चूक दाखवा," भावजी म्हणाले.

"कामात चूक नाही रे! प्रश्न कामाचा नाही."

"मग कामावरून कसं काढता?"

मग साहेबांनी नैतिकतेचं कीर्तन लावलं. कंपनीला खरी, सचोटीची माणसं लागतात वगैरे. माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी सरळ दार ढकलून आत गेले आणि म्हटलं, "साहेब, तुमच्या सासूबाईंची तब्येत कशी आहे? नाही, मागं वारल्या होत्या ना, म्हणून विचारलं." माझीही नोकरी त्या क्षणाला गेली असती. हे ऐकल्यावर ह्यांनी रात्री जेवण टाकलं होतं. पण खोटं बोलणाऱ्याला लीव्ह, आणि खरं बोलणाऱ्याला सचोटीवर प्रवचन? आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून! साहेबांचा चेहरा वांग्यासारखा झाला. म्हणाले, "बाहेर व्हा. दोघंही."

आम्ही बाहेर झालो. पण भावजी वर्कशॉपात गेले नाहीत. ऑफिससमोरच्या व्हरांड्यात एक बाक होता, त्यावर बसले. म्हणाले, सही होईपर्यंत हितंच. आता म्हणे कुठं कुठं कायदे झालेत, की माणूस कुणावर जीव लावतो किंवा स्वतःला बाई म्हणवतो की पुरुष, ह्यावरून त्याला कामावरून काढता येत नाही. छान झालं. उशिरा का होईना, अक्कल आली. आमच्याकडे तेव्हा असला कायदा नव्हता, युनियन नव्हती, ओळखीचा वकील नव्हता. एक बाक होता, आणि त्यावर वॉर्निशच्या हातांचा एक माणूस, ज्याला प्रत्येक तासाला वाटत होतं की तिकडे आत्ता विश्राम गेला असेल. येणारे जाणारे कुजबुजत होते. कुणी खोकत होतं, कुणी बायकी आवाज काढत होतं. ते मान वर करून ज्याच्या त्याच्या डोळ्यांत बघत होते. मान काही खाली घातली नाही. दुपारी मी डबा नेला तर म्हणाले, "खाल्लं तर उलटंल." दुसऱ्या दिवशीही तेच. मी रडकुंडीला आले. म्हटलं, भावजी, भाऊ लिहा हो, पाया पडते. त्यांनी नुसती ‘नाही’ अशी मान हलवली.

आमचा मंदूब होता अबू जासिम, तिथलाच. मंदूब म्हणजे कंपनीची व्हिसा, पासपोर्ट अशी सरकारदरबारची कामं करणारा माणूस. पासपोर्टच्या कपाटाची किल्ली त्याच्या खिशात. पोट सुटलेला, कायम घाईत, आमच्याशी मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. दोन दिवस त्यानं भावजींना बाकावर बघितलं, आणि तिसऱ्या सकाळी समोर उभा राहिला. "क्या हुआ? कौन बीमार? भाई?"

"भाई नहीं. मेरा आदमी है."

अबू जासिमला काय कळलं, किती कळलं, मला माहीत नाही आणि मी त्याच्या तोंडी मोठे विचार घालणार नाही. तो सबनीससाहेबांकडे गेला आणि दार उघडं ठेवूनच ओरडला, "इदर सब आदमी का बाप मरता, दो बार मरता, मैं चुप! ये एक आदमी बोलता भाई नहीं, तुम इसको बिठाता? झूठ नहीं बोलता, इसलिए? खलास! सही करो, यल्ला, एअरपोर्ट जाना है!" मंदूबाशी वाकडं घेऊन कुठल्याच पर्सोनेल ऑफिसरचं चालत नाही. साहेबांनी सही केली, पण सही करताना म्हणाले, "जा. परत आलास तर नोकरी असेल असं समजू नकोस." भावजी म्हणाले, "बरं."

विश्राम वाचला. भावजी पोचले तेव्हा शुद्धीवर आला होता, आणि पहिलं वाक्य काय, तर "दाढी का नाय केलीस?" भावजी महिन्याभरानं परत आले, विश्रामला बहिणीकडे ठेवून. आणि सबनीससाहेबांनी शब्द पाळला. काढून टाकलं. कारण दिलं नाही, तेव्हा द्यावंही लागत नसे. दुसरीकडे नोकरी धरायला कंपनीचा रिलीज लागायचा, तोही नाकारला. म्हणजे बेट सोडणं आलं. भावजी साहेबांच्या टेबलासमोर उभे राहिले, मी पलीकडे होते, आणि म्हणाले, "जातो. पन कारन तोंडानं सांगा." साहेब कागद चाळत बसले. "सांगा की साहेब. मी तोंडानं सांगितलं हुतं, मला लाज वाटली नाय. जे तुमच्यानं बोलवत नाय, त्याच्यापायी माणूस काढता?" साहेबांनी शेवटपर्यंत मान वर केली नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्या खोलीवर गेलो. गल्फमध्ये कुणी घरी जायला निघालं की मुलूखभरची माणसं त्याच्याकडे सामान देतात. कुणी पोरांसाठी दुधाची पावडर, कुणी साडी, कुणी बायकोला घड्याळ. ज्याच्यावर विश्वास त्याच्या हातीच देतात. सामान कुणी आणलं नाही तर समजावं, माणूस वाळीत पडला. मला त्याचीच धास्ती होती. एवढं रान उठलं होतं, कोण येणार? आणि जिन्यावर पावलं वाजायला लागली. वर्कशॉपातला एक पोरगा, मग एक ड्रायव्हर, मग मेसमधला भात वाढणारा... शेवटी आले फोरमन कदम. तेच, मेसच्या टेबलाला न बसणारे. रुमालात बांधलेली डबी पुढे केली. लेकीच्या लग्नासाठी केलेली सोन्याची माळ. खाली बघत म्हणाले, "दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची छाती नाय होत. तू खोटं बोलत नाहीस, हे आता सगळ्या बहारीनला कळलंय."

मला वाटलं, भावजी विरघळतील. अहो कसले! डबी हातात न घेता म्हणाले, "नेतो. बसा आधी. च्या घ्या. माझ्या हातचा, माझ्या कपात." कदम बसले. चहा घेतला. सगळ्यांच्या देखत, शेवटच्या घोटापर्यंत. मग भावजी म्हणाले, "घरी सांगा, कुणाच्या हातून पाठवली ते. नाव घेऊन सांगा." कदमांनी मान डोलावली. तेव्हा कुठं डबी खिशात गेली.

गावी येऊन दोघांनी त्या तिठ्यावर दुकान टाकलं. अर्ध्यात पंपाच्या मोटरींचं वाइंडिंग, अर्ध्यात विश्रामचं शिलाई मशीन. गावानं आधी तोंडं वाकडी केली, पण भर उन्हाळ्यात पंप जळाला की शेजारपाजारची तोंडं आपोआप सरळ व्हायची. आम्ही परत आल्यावर मी दर वर्षी जायची. विश्राम पुढं आजारी पडला, तेव्हा भावजींनी उशाशी बसून त्याचं सगळं केलं, हागमूतसुद्धा, आणि तो गेल्यावर उंबऱ्यात बसून असे मोठ्यानं रडले की वाडीतल्या बायका दारात आल्या. बेताचं नाही रडले. मला त्याही दिवशी, खरं सांगते, अभिमान वाटला. पुढं त्यांनी माणसं कामाला घेतली ती ज्यांना कुणी घेत नव्हतं अशी. नवऱ्यानं टाकलेली एक बाई, आणि चंदा. चंदाचं नाव आईबापांनी चंद्रकांत ठेवलेलं. ती साडी नेसायला लागली तसं बापानं घराबाहेर काढलं, चिपळूणच्या गॅरेजवाल्यानं कामावरून काढलं. भावजींनी तिला तार भरायला शिकवली. आता बेचाळीस गावांत तिच्या हाताचे पंप चालतात, पण ते सोडा. मला दुकानातला एक नियम आवडायचा. कामावरच्या माणसानं येऊन सांगितलं, माझं माणूस आजारी आहे किंवा माझं माणूस गेलंय, मला सुट्टी हवी... की भावजी म्हणायचे, जा. कोण लागतं तुझं, हे विचारायचं नाही. नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हे सांगायचे, आणि सुधीर हाताशी आल्यावर त्यालाही बजावलं होतं.

राख सावडून झाली. चौथ्या दिवशी सुधीरनं शटर उघडलं. मामाचं सुतक भाच्याला तीन दिवसांचं, ते फिटलं होतं, आणि पंपांचा मोसम होता, त्याला तरी काय बोल लावणार? मी आत स्टुलावर बसले होते. तेवढ्यात चंदा आली. केस मोकळे, कपाळ कोरं, चार दिवसांची तीच साडी. म्हणाली, "सुधीरशेट, मी तेराव्यापर्यंत येणार नाय. माझं माणूस गेलंय."

सुधीर बिचारा गोंधळला. वाईट नाही पोरगा. म्हणाला, "अगं, मला तीन दिवसांचं सुतक, तर तुला तेरा कसे? तू त्यांची कोण लागतेस?"

चंदानं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आवाज अजिबात चढवला नाही.

"शेट, ह्या दुकानात हे विचारत नाहीत."

आणि तिनं हात वर करून शटर खाली ओढलं.